हाताने लिहा, पण उतरवून घेऊ नका

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांसोबत वहीची कोरी पाने आली. त्या पानांना नाव दिले होते ‘माझी नोंद’. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि शिकवणे चालू असताना मुलांनी महत्त्वाचे मुद्दे तिथल्या तिथे टिपावेत, असे दोन हेतू त्यामागे होते. दोनच वर्षांत हा प्रयोग गुंडाळला गेला आणि २०२५-२६पासून ती पाने पुस्तकांतून गेली. पाने असूनही मुले वेगळ्या वह्या आणतच होती, त्यामुळे ओझे काही हलके झाले नाही. मुले वह्या का आणत होती? कारण शाळेला हवी असलेली वही वेगळी असते: प्रश्नोत्तरांची, तपासायची, ‘पूर्ण’ करायची. ‘माझी नोंद’वर काय लिहायचे हे मुलांना शिकवण्याची सोय झाली नव्हती, आणि ते पान भरले काय, कोरे राहिले काय, त्यावर काही अवलंबूनही नव्हते.

सध्या हाताने लिहावे की टाइप करावे, हा वाद पालकसभेपासून मंत्रालयांपर्यंत सगळीकडे आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीच्या मुलांना कर्सिव्ह शिकवणे बंधनकारक केले. स्वीडनने त्याच सुमारास छापील पुस्तके आणि हस्तलेखनाकडे परत वळायचे ठरवले. आपल्याकडेही ‘हाताने लिहिल्याने मेंदू तल्लख होतो’ असे संदेश फिरत असतात. या वादात माझी बाजू हाताची आहे. पण हाताने लिहिण्याचा जो फायदा संशोधनात दिसतो, तो मिळण्यासाठी लागणारी गोष्टच आपल्या वर्गांत होऊ दिली जात नाही. ती गोष्ट दुरुस्त केल्याशिवाय ‘मोबाइल ठेवा, वही काढा’ म्हणण्याने मुलांच्या पदरात फारसे पडणार नाही.

आधी संशोधनाकडे नीट पाहू, कारण त्याचा उल्लेख बहुतेक वेळा अर्धवट होतो. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास सगळ्यांत गाजला. विद्यार्थ्यांना छोटी व्याख्याने दाखवली. काहींनी लॅपटॉपवर टिपणे घेतली, काहींनी हाताने. लॅपटॉपवाल्यांनी कितीतरी जास्त शब्द लिहिले, पण वक्त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. सनावळ्या, नावे अशा माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट जवळपास सारखे ठरले. ‘का’ आणि ‘कसे’ विचारणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे राहिले. दुसऱ्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांना आधीच बजावले होते की शब्दशः लिहू नका, तुमच्या भाषेत लिहा. तरी ते शब्दशःच लिहीत राहिले. बोटे वेगाने चालत असली की सूचना लक्षात राहत नाही.

पुढचा भाग संदेशांत येत नाही. २०१९ मध्ये केंट स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच प्रयोग वाढवून केला आणि २०२१ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातून १४२ विद्यार्थ्यांवर तो जसाच्या तसा पुन्हा झाला. लॅपटॉपवाले जास्त आणि शब्दशः लिहितात, हे पुन्हा दिसले. चाचणीच्या गुणांतला फरक मात्र ठामपणे दिसला नाही. मग २०२४ मध्ये अब्राहम फ्लॅनिगन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच्या २४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात हाताने टिपणे घेणाऱ्यांच्या बाजूने लहानसा पण स्पष्ट फायदा निघाला. तेव्हा गुणांतला फायदा लहान आहे, प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही. न चुकता दिसते ती एकच गोष्ट: कीबोर्ड माणसाला शब्दशः लिहायला लावतो.

आणि इथेच खरे कारण सापडते. शिक्षक मिनिटाला १२० ते १८० शब्द बोलतात. हाताने टिपणे घेणाऱ्याचा वेग मिनिटाला २० शब्दांच्या आसपास असतो. म्हणजे ऐकलेल्या सहा ते नऊ शब्दांतला एकच शब्द कागदावर येऊ शकतो. कोणता, हे ठरवावेच लागते. ते ठरवण्यासाठी वाक्य समजून घ्यावे लागते, त्यातला कणा शोधावा लागतो, आधीच्या मुद्द्याशी त्याचे नाते लावावे लागते. स्मरणात राहते ते या कामामुळे. हात हळू आहे म्हणून हे काम टाळता येत नाही, एवढाच हाताचा मोठेपणा.

आता आपला वर्ग आठवा. सर धडा समजावून सांगतात आणि मग म्हणतात, ‘लिहून घ्या.’ त्यानंतर ते थांबत थांबत, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत, उत्तर सांगतात. पन्नास मुले तेच उत्तर लिहितात. स्वल्पविरामही सारखे. किंवा फळ्यावर उत्तर लिहिले जाते आणि ते वहीत जाते. किंवा गाइडमधून. इथे शिक्षकाने आपला वेग मुलांच्या हाताइतका कमी केलेला असतो, म्हणून निवड करायची गरजच उरत नाही. लॅपटॉपवरच्या विद्यार्थ्याने जी चूक यंत्राच्या वेगामुळे केली, तीच आपण हाताने करवून घेतो, आणि तीही त्याच्यापेक्षा जास्त वेळ खर्चून. हस्तलेखनाचे सगळे श्रम आणि हस्तलेखनाचा फायदा शून्य.

हे का टिकले आहे, त्यालाही कारणे आहेत. दहावीची उत्तरपत्रिका तपासताना अपेक्षित मुद्द्यांशी उत्तर जुळवले जाते, त्यामुळे ‘ठरलेले’ उत्तर सुरक्षित वाटते. वही तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला पूर्ण, नीटनेटकी वही दाखवायची असते. पालकही वही उघडून पाने मोजतात. साठ मुलांच्या वर्गात ‘लिहून घ्या’ म्हटले की शांतता होते, हेही नाकारण्यात अर्थ नाही. शिक्षकांना दोष देऊन हे सुटणारे नाही. वही कशासाठी तपासायची, हे आधी बदलावे लागेल. तपासणीला एक सोपी कसोटी पुरेल. एकाच बाकावरच्या दोन मुलांच्या वह्या एकाच धड्यावर उघडाव्यात. मजकूर शब्दाला शब्द जुळला, तर ती टिपणे मुलांची नाहीत. अशी वही कितीही स्वच्छ असो, तिला शेरा चांगला मिळू नये.

लहान मुलांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे हाताला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. इंडियाना विद्यापीठातल्या करिन जेम्स यांनी २०१२ मध्ये वाचता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना अक्षरे तीन प्रकारे करायला दिली: कोऱ्या कागदावर स्वतः काढणे, ठिपक्यांवरून गिरवणे आणि कीबोर्डवर कळ दाबणे. नंतर तीच अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. वाचनाच्या वेळी मोठ्या माणसांत जे भाग काम करतात, ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झाले. टाइप केलेल्या अक्षरांना तसा प्रतिसाद मिळाला नाही, आणि गिरवलेल्या अक्षरांनाही नाही.

गिरवण्याबद्दलचा हा निष्कर्ष आपल्या बालवाड्यांनी फार गांभीर्याने घ्यायला हवा. बाजारातल्या सराव-पुस्तिका ठिपक्यांनी भरलेल्या असतात. मूल दिवसाला चार पाने ‘क’ गिरवते आणि अक्षर शिकले असे आपण समजतो. ठिपक्यांवरून जाताना मुलाचे लक्ष पुढच्या ठिपक्याकडे असते, ‘क’च्या आकाराकडे नसते. कोऱ्या पाटीवर ‘क’ काढताना त्याला उभी रेघ, डावीकडचे पोट, उजवीकडचा हेलकावा आठवून काढावा लागतो. तो वाकडा येतो, कधी पोट मोठे होते, कधी शेपटी भलतीकडे जाते. असे पन्नास वेगवेगळे वाकडे ‘क’ पाहून मुलाला कळते की यांत समान काय आहे, म्हणजेच ‘क’ म्हणजे काय. गिरवलेले सगळे ‘क’ एकसारखे असतात, म्हणून ही शिकवण त्यांतून मिळत नाही. दोन-तीनदा गिरवणे वळण कळण्यापुरते ठीक. त्यानंतर पाटी, खडू, वाळूचे ताट, कोरा कागद.

मोठ्या माणसांनाही नवी लिपी शिकताना हेच लागू पडते. फ्रान्समधल्या मारिएक लाँगकाँ यांच्या गटाने २००८ मध्ये प्रौढांना बंगाली आणि गुजराती लिप्यांवरून बेतलेली अनोळखी अक्षरे शिकवली, काहींना हाताने, काहींना टाइप करून. हाताने शिकलेल्यांना सुलटे अक्षर आणि त्याचे आरशातले रूप यांतला फरक जास्त चांगला ओळखता आला, आणि तो फायदा काही आठवडे टिकला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०२१ मध्ये ४२ प्रौढांना अरबी अक्षरे शिकवली, तेव्हाही लिहून शिकणारे सर्वांत आधी तयार झाले आणि न शिकवलेले शब्दही वाचू-लिहू लागले. देवनागरीत तर हे अधिकच महत्त्वाचे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प: यांच्यातला भेद एखादी गाठ, एखादी तुटलेली शिरोरेघ, एखादी आडवी रेघ एवढाच असतो. जोडाक्षरांत तर अक्षर अर्धे होते, खाली जाते, ‘र’ तीन-तीन रूपे घेतो. हे भेद हाताने करून पाहिल्याशिवाय डोळ्याला पक्के होत नाहीत.

एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथे २०२४ मध्ये झालेला, ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला २५६ इलेक्ट्रोड लावून केलेला अभ्यास ‘हाताने लिहिल्याने स्मरणशक्ती वाढते’ याचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. त्यात लिहिताना मेंदूच्या भागांमधला समन्वय जास्त दिसला, हे खरे. पण विद्यार्थ्यांना टाइप करायचे होते एकाच बोटाने, आणि कोणाला किती आठवते याची चाचणी त्यात घेतलेलीच नव्हती. चांगल्या बाजूसाठी कच्चा पुरावा दिला की ती बाजूच कमकुवत दिसू लागते.

मराठीत टाइप करण्याचा विचार वेगळा करावा लागतो. इंग्रजीतले बहुतेक अभ्यास गृहीत धरतात की टाइप करणे हाताने लिहिण्यापेक्षा वेगवान असते. आपल्याकडे शासनाची लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीची अट आहे मिनिटाला ३० शब्द, आणि तेवढ्यासाठी उमेदवार टायपिंग क्लासला महिनोन्‌महिने सराव करतात. ज्याने तो सराव केलेला नाही असा अकरावीतला मुलगा लॅपटॉपवर मराठी टिपणे घ्यायला बसला तर त्याला ना वेग मिळतो, ना निवड करायला डोके मोकळे राहते. त्याचे सगळे लक्ष ‘ज्ञ’ कुठे आहे आणि रफार कसा येतो, यात जाते.

बहुतेक मुले यावर तोडगा काढतात तो रोमन अक्षरांतून मराठी करणाऱ्या कीबोर्डचा. pariksha असे उमटवले की खाली पर्याय येतात आणि मूल ‘परीक्षा’वर बोट टेकवते. शब्द शुद्ध उमटला. पण ‘री’ दीर्घ आहे हा निर्णय मुलाने घेतलाच नाही, तो यंत्राने घेतला. मुलाने फक्त समोर आलेले ओळखले. ओळखणे आणि आठवून लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचा कितीही सराव केला तरी दुसरे आपोआप येत नाही. म्हणून फोनवर शुद्ध लिहिणारी मुले कागदावर ‘परिक्षा’, ‘माहीती’, ‘निरिक्षण’ लिहितात. न-ण, ल-ळ, श-ष यांचेही तसेच. बोलून टाइप करण्यात तर तेवढेही ओळखणे उरत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की कीबोर्ड शिकवायचाच असेल तर आठवीपासून इनस्क्रिप्ट शिकवावा. तो भारत सरकारने प्रमाणित केलेला आहे आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे तयार मिळतो. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आहेत. प्रत्येक मात्रा स्वतः निवडून दाबावी लागते, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय लिहिणाऱ्याकडेच राहतो. गुजराती, कन्नड, तेलुगू यांतही ‘क’ त्याच कळीवर असतो. जुन्या टंकयंत्रांच्या रेमिंग्टन पद्धतीवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना एक अडचण येते: रेमिंग्टनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबतात, इनस्क्रिप्टमध्ये अक्षरानंतर. ही सवय मोडायला थोडे दिवस जातात. मुलांना ती सवय लागलेलीच नसते, म्हणून त्यांना हे सोपे जाते.

मराठीत वेगाने लिहिण्याची गरज काही आजची नाही. मोडी लिपीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढून घेत आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बाजूला ठेवला होता. दफ्तरातल्या कारकुनाला वेग हवा होता, लिपीने तो दिला. आज टिपणे घेणाऱ्यानेही तेवढीच मोकळीक घ्यावी. शिरोरेघ सोडून द्यावी. फक्त भ आणि ध यांची गाठ ठसठशीत काढावी, नाहीतर महिन्याने ‘धन’ वाचताना ‘घन’ वाटेल.

आता टिपण प्रत्यक्षात कसे घ्यायचे, ते पाहू. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात एक आखणी रूढ केली, ती आजही सर्वांत कामाची आहे. ए-फोर किंवा फुलस्केप पानावर डावीकडे साधारण ६ सेंटिमीटर सोडून उभी रेघ मारायची. आपल्या वह्यांना छापील समास असतो, पण तो या कामाला अरुंद पडतो. खाली ५ सेंटिमीटरची पट्टी मोकळी ठेवायची. वर्गात फक्त उजव्या मोठ्या भागात लिहायचे, पानाच्या एकाच बाजूला. डावा भाग आणि खालची पट्टी घरी भरायची असते. रेघा वर्गात मारत बसू नये, दहा पाने आधीच आखून ठेवावीत.

समजा, भूगोलाच्या तासाला शिक्षक म्हणाले: ‘अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात. ते डोंगरावरून वर चढू लागतात, वर गेल्यावर थंड होतात, त्यांतल्या बाष्पाचे सांद्रीभवन होते आणि पश्चिम उतारावर भरपूर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेकडे खाली उतरताना हेच वारे तापतात, त्यांची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते, म्हणून तिकडे पाऊस कमी पडतो. या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसातला फरक हे त्याचे उदाहरण.’ हे बोलायला अर्धे मिनिट लागते. शब्दशः लिहायला तीन मिनिटे लागतील, आणि तेवढ्यात पुढचे चार मुद्दे निघून जातील. चांगले टिपण असे दिसेल:

समुद्र → बाष्प → सह्याद्री आडवा
चढताना: थंड → सांद्री. → प. उतार, पाऊस ↑
उतरताना: तापतो → बाष्प धरून → पू. पाऊस ↓
= पर्जन्यछाया. उदा. महाबळे. / वाई

चार ओळी, पण कारणांची साखळी अखंड आहे. व्याख्या शेवटी आली, कारण ती कारणांतून निघते. शब्दशः उतरवणाऱ्या मुलाच्या वहीत ‘पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे…’ एवढी व्याख्या सापडेल आणि ‘उतरताना हवा तापते’ हा नेमका कळीचा दुवा सुटलेला असेल; कारण तो वाक्याच्या मध्यात, सहज जाता जाता येतो.

असे लिहायला जमावे म्हणून एक सवय लावून घ्यावी लागते: वक्त्याच्या एक वाक्य मागे राहायचे. वाक्य सुरू होताच पेन सुरू केले की वाक्य संपेपर्यंत हातात त्याची सुरुवातच असते. पूर्ण वाक्य ऐका, मग त्याचा कणा लिहा. तो लिहीत असताना पुढचे वाक्य कानावर पडू द्या. पहिले आठ-दहा तास हे जड जाते, काही मुद्दे सुटतात. सुटलेल्या जागी दोन ओळी मोकळ्या सोडून प्रश्नचिन्ह टाकावे आणि तास संपल्यावर शेजाऱ्याला किंवा शिक्षकांना विचारून भरावे. संक्षेप पंधरा-वीसच ठेवावेत आणि ते कायम तेच असावेत: उदा., म्ह., वि., प्र., पू., प., बाण, वाढ-घट दाखवणारे बाण, ‘म्हणून’साठी तीन ठिपके. प्रत्येक विषयाला नवे संक्षेप काढणाऱ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतःचेच टिपण वाचता येत नाही. फळ्याचा फोटो काढून ठेवणे हा संक्षेपाचा शेवटचा टप्पा समजू नये. फोटोत निवडही नाही आणि नंतर तो उघडलाही जात नाही.

शिक्षकांनी यात करायचे काम छोटे आहे. १९८७ मध्ये कॅथी रूल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की व्याख्यानात मधेमधे दोन मिनिटे थांबून विद्यार्थ्यांना शेजाऱ्याबरोबर टिपणे ताडून पाहू दिली, तर नंतर जास्त आठवते. आपल्या ३५-४० मिनिटांच्या तासिकेत असे दोन थांबे सहज बसतात. ‘लिहून घ्या’ म्हणून उत्तर सांगण्यात जाणारी दहा-बारा मिनिटे वाचतात, त्यांतली चार इथे द्यायची. मुले फळ्यावर लिहिलेले बहुतेक सगळे टिपतात आणि नुसते बोललेले बरेचसे सोडतात. म्हणून फळ्यावर पूर्ण उत्तर लिहू नये, तीन-चार आधारशब्द लिहावेत: ‘चढ’, ‘उतार’, ‘पर्जन्यछाया’. बाकी मुलांना जोडू द्यावे.

घरी त्याच संध्याकाळी दहा मिनिटे पुरतात. डाव्या भागात प्रत्येक मुद्द्यासमोर एक प्रश्न लिहायचा. ‘पर्जन्यछाया म्हणजे काय?’ हा चालेल, पण ‘तेच वारे पूर्वेला पाऊस का देत नाहीत?’ हा जास्त चांगला. खालच्या पट्टीत दोन वाक्यांत पानाचे सार. पुढच्या दिवशी उजवा भाग कागदाने झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे मोठ्याने द्यायची, मग कागद सरकवून ताडायचे. पुन्हा आठवड्याने, पुन्हा महिन्याने.

बहुतेक मुले याऐवजी ‘फेअर’ करतात. कच्च्या वहीतून पक्क्या वहीत, दोन रंगांच्या पेनांनी, पट्टीने अधोरेखित करून. दिसायला सुरेख, पण हे पुन्हा उतरवणेच आहे, आता स्वतःच्याच वहीतून. हायलायटरचेही तेच. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी एक उतारा काही विद्यार्थ्यांना चार वेळा वाचायला दिला. इतरांना एकदा वाचून पुस्तक मिटून तीन वेळा आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले: वाचणारे ४० टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ६१ टक्क्यांवर. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. फेअर वहीवर जाणारा तास कोऱ्या कागदावर आठवून लिहिण्यात घालवावा. तिथे हात लागतो आणि तिथे तो खरा उपयोगीही पडतो.

स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी हे आता तातडीचे झाले आहे. २०२५च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. त्याआधी ती प्रामुख्याने बहुपर्यायी होती. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरचे गणित मांडून पाहा: १५० शब्दांची दहा आणि २५० शब्दांची दहा उत्तरे, म्हणजे सगळे मिळून ४००० शब्द, तीन तासांत. विचार करायला एकही मिनिट न धरता मिनिटाला २२ शब्द. टिपणे घेण्याचा नेहमीचा वेगही जेमतेम तेवढा असतो. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द काहीसे कमी लागतात. तरीही तीन तास सलग लिहिण्याची ताकद हातात असावी लागते. पीडीएफ वाचून आणि ओएमआरचे गोल काळे करून ती येत नाही. पुण्या-संभाजीनगरच्या अभ्यासिकांत बसलेल्यांनी रोज किमान एक उत्तर घड्याळ लावून, सात-आठ मिनिटांत, पुस्तक मिटून लिहावे. अक्षर तिसऱ्या पानापासून बिघडत असेल तर पेन फार घट्ट धरले जाते आहे. जाड पकडीचे, हलके दाबून चालणारे पेन घ्यावे.

कीबोर्डची जागाही मान्य करायला हवी. लांब मसुदा, पुन्हा पुन्हा बदलायचा निबंध, गटाने करायचा प्रकल्प, वर्षभराची शोधता येण्याजोगी संदर्भटिपणे, हे सगळे टाइप करूनच करावे. वर्गात लॅपटॉप वापरायचाच असेल तर इंटरनेट बंद हवे, आणि तेही केवळ स्वतःसाठी नाही. कॅनडात २०१३ मध्ये झालेल्या एका प्रयोगात वर्गात लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे गुण घटलेच, पण त्यांची स्क्रीन नजरेच्या टप्प्यात असलेल्या शेजाऱ्यांचेही गुण १७ टक्क्यांनी कमी आले. शब्दशः लिहिण्याची ओढ नुसत्या सूचनेने जात नाही, म्हणून नियम हाताला घालावा: शिक्षक बोलत असताना बोटे कीबोर्डवरून उचललेली, ते थांबले की दोन-तीन ओळी. टॅब्लेटवर पेनाने लिहिणे हे हाताने लिहिणेच आहे. ट्रॉन्डहाइममध्येही विद्यार्थी स्क्रीनवरच लिहीत होते.

काही मुलांसाठी मात्र हा वादच अन्यायाचा ठरतो. लेखन-अक्षमता असलेल्या मुलाला अक्षर काढण्यातच सगळी शक्ती खर्च करावी लागते, आशयाकडे लक्ष द्यायला काही उरत नाही. त्याच्यासाठी ‘हाताने लिही, फायदा होईल’ हा सल्ला चुकीचा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत मिळते. पण लेखनिक म्हणजे दुसऱ्याच्या हाताने लिहिणे, त्यात मुलाचा विचार अडखळतो. अशा मुलाला तिसरी-चौथीपासून कीबोर्ड शिकवावा, वर्गातली टिपणे, चाचण्या आणि बोर्डाचा पेपरही त्यावर लिहू द्यावा, आणि एकदा मिळालेले प्रमाणपत्र बारावीपर्यंत पुन्हा मागू नये.